मदत हवी आहे: फिटनेस बँड घरी धड चार्ज होत नाही, पॉवर बँकवर तर अजिबातच नाही

नमस्कार मंडळी,

मनगटावरच्या बँडने सध्या डोक्याला ताप दिलाय. घेऊन दीड वर्ष झालं. आधी एकदा चार्ज केला की आठवडा निघायचा. झोपेची नोंद, ऑक्सिजन मोजणं, सतत चालू राहणारा पडदा असं सगळं सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी मान टाकतो. ते एक वेळ चालेल. पण घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच दोन ठिकाणी.

घरी: चार्जर म्हणजे चुंबकाने चिकटणारी दोन पिनांची क्लिप. टक् करून बसते, पडद्यावर विजेचं चिन्ह येतं, मी निर्धास्त झोपतो. सकाळी बघावं तर २३ टक्के. रात्री २१ होते! क्लिप जरा सरकवली की कधी सुरू होतं, कधी नाही. हल्ली तिला रबर लावून वर जाडजूड शब्दकोश ठेवतो. घरचे हसतात.

प्रवासात: गेल्या महिन्यात सहा दिवसांच्या ट्रेकला २०,००० एमएएचची पॉवर बँक नेली होती. तिच्यावर फोन व्यवस्थित चार्ज होतो. बँड लावला की अर्ध्या मिनिटात तिचे दिवे बंद. बटण दाबलं की पुन्हा अर्धा मिनिट. तंबूत बसून बटण दाबत दाबत चार-पाच टक्के कमावले आणि नाद सोडला. चौथ्या दिवसापासून बँड म्हणजे हातातलं नुसतं कडं. सगळ्यात मोठी चढण नेमकी पाचव्या दिवशी होती, तिची कुठे नोंदच नाही.

केबल बिघडली म्हणावं तर मधूनच चालते. नवीन चार्जर घेऊ की बँडच बदलू?

प्रतिसाद:
काहीच बदलू नका. तुमची पॉवर बँक बिघडलेली नाही, उलट जरा जास्तच शहाणी आहे. कोणी वीज घेत नाहीये असं वाटलं की ती आपली ऊर्जा वाचवायला बंद होते. ही मर्यादा साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपास असते. फोन हजार-दोन हजार ओढतो, त्यामुळे प्रश्न येत नाही. बँडची बॅटरीच मुळात शे-दोनशे एमएएचची, ती ओढणार ती किती? त्यात बॅटरी भरत आली की प्रवाह आणखी कमी होतो. पॉवर बँकला वाटतं, इथे कोणीच नाही.

बऱ्याच पॉवर बँकांमध्ये यासाठी कमी प्रवाहाची सोय असते. बटण दोनदा झटपट दाबा किंवा दोन-तीन सेकंद दाबून धरा. दिव्याचा रंग बदलला किंवा तो वेगळ्या तऱ्हेने लुकलुकला की जमलं. नक्की काय करायचं ते माहितीपत्रकात असतं (जे आपण खोक्याबरोबर फेकून देतो). तशी सोय नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावून ठेवा. फोनसाठी ती जागी राहते, तेवढ्यात बँडचं काम होतं.

प्रतिसाद:
घरच्या भानगडीबद्दल: बँड उलटा करा आणि पाठीवरचे दोन सोनेरी ठिपके फोनच्या कॅमेऱ्यातून मोठे करून बघा. काय दिसतं ते सांगा.

धागाकर्ता:
अरे देवा. एका ठिपक्याभोवती हिरवट कड आहे, मधे पांढुरका थर. क्लिपची एक पिन दाबली की आतच बसते, वर येत नाही.

प्रतिसाद:
घामातलं मीठ, दुसरं काही नाही. मऊ टूथब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करा आणि ठिपके व पिना दोन्ही घासा. अडकलेली पिन घासता घासता चार-पाच वेळा दाबा, सुटते बहुतेक. सुई किंवा पॉलिश पेपर चुकूनही नको, वरचा सोन्याचा पातळ मुलामा गेला की खालचा धातू आणखी लवकर गंजतो. आणि व्यायाम करून आल्या आल्या ओला बँड चार्जिंगला लावायचा नाही. ओल्या पिनांतून वीज गेली की गंज झपाट्याने चढतो. मी दोन बँड असेच घालवलेत.

प्रतिसाद:
रात्रभर लावताच कशाला? झोपेची नोंद हवी ना? मी रोज आंघोळीला जाताना लावतो, आवरून होईपर्यंत ठेवतो. शंभर टक्के क्वचितच होतो, पण शून्यावरही कधी जात नाही. बॅटरीलाही तेच मानवतं.

धागाकर्ता:
पिन सुटली! शब्दकोश कपाटात परत गेला. पॉवर बँकचं बटण दाबून धरलं तर हिरवा दिवा लागला आणि वीस मिनिटं झाली तरी बंद पडलेली नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता शेवटचं. पुढच्या महिन्यात विमानप्रवास आहे. नवीन चार्जरला फक्त टाइप-सी पोर्ट आहेत आणि बँडच्या केबलला जुनं यूएसबी-ए टोक. काय करू?

प्रतिसाद:
पेनड्राइव्ह फोनला जोडायला वापरतात तो छोटा ओटीजी जोड लावा, चालतं. चार्जर ६५ वॉटचा असला तरी घाबरू नका, समोरून मागणी आल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. तुमची ७४ वॉट-अवरची भरते, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या आत आहे. आणि क्लिप विसरू नका हो. फोनची केबल कोणीही देईल, तुमच्या मॉडेलची क्लिप कोणाकडे मिळणार?