मदत हवी आहे: खिडकीच्या वर कॉर्डलेस ड्रिल आत शिरतच नाही

नमस्कार मंडळी,

घरी १२ व्होल्टचं कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल आहे. कपाटाची बिजागरं, देव्हाऱ्याची फळी, आईसाठी बाथरूमबाहेरचा आधाराचा दांडा, सगळी कामं त्यानं बिनतक्रार केली. आता हॉलच्या खिडकीवर पडद्याचे ब्रॅकेट बसवायला घेतले आणि घोडं अडलं.

६ मिमीचं काँक्रीटचं बिट आहे, हॅमरची खूण निवडली आहे, फिरण्याची दिशाही तपासली. प्लास्टर झरझर निघतं. पुढे बोटाच्या पेराएवढं आत गेलं की बिट जागीच घरघरत राहतं, करडी, पिठासारखी पूड गळते. जोर लावला तर मशीन बंद, दिवा लुकलुकतो आणि बॅटरी चांगलीच तापते. बाजूच्या भिंतीत मात्र त्याच बिटनं सहज भोक पडतं, तिथे लाल भुकटी येते.

बॅटरी गेली असेल का? १८ व्होल्टचं घेतलं तर काम होईल? आणि पावसाळ्यात मशीन पडून असतं, तेव्हा बॅटरी फुल चार्ज करून ठेवायची का? दुकानदार नवंच घ्या म्हणतोय, पण चालती वस्तू अडगळीत टाकणं मनाला पटत नाही. ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

नवं घेऊ नका, मशीन ठणठणीत आहे. लाल भुकटी विटेची, करडी काँक्रीटची. खिडकीच्या वर आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, आडवा पट्टा (लिंटेल) असतो, तुम्ही त्यातच शिरताय. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात, त्यातून ठोके बसतात पण बारीक. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबानं दट्ट्या आदळतो, तो काँक्रीट फोडतो. १८ व्होल्टमध्ये ताकद वाढेल, ठोक्याची जात तीच. चार भोकांसाठी हार्डवेअरवाल्याकडून एसडीएस बिटचा (खाचा असलेल्या दांड्याचं बिट) रोटरी हॅमर भाड्यानं आणा. चकचकीत कीस आला तर सळई लागली समजा, भोक थोडं सरकवा.

मशीन बंद पडतं ते बॅटरी वाचवण्यासाठी. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. पडून राहणार असेल तर साधारण अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून, कोरड्या जागी ठेवा. लिथियमची बॅटरी अगदी खाली उतरली तर चार्जर ती घेतच नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार! बिटच्या टोकाचे कोपरे गोल झालेले दिसतायत, तेही बदलतो. एकच शंका: ब्रॅकेट वीतभर वर घेतले तर वीट लागेल का?

प्रतिसाद:

लिंटेल बहुधा सहा इंचांचा असतो, त्याच्या वर वीट मिळायला हवी. पण फ्लॅटमध्ये कधीकधी लिंटेल आणि बीम एकच असतात. आधी ३ मिमीच्या बिटनं टोचून पूड कुठल्या रंगाची येते ते बघा.