परसातली फुलपाखरे खरोखर कमी झाली, की माझी नोंदच अपुरी आहे?

सोनचाफा:
गेली पाच वर्षे मी परसात दिसणाऱ्या फुलपाखरांची आणि इतर कीटकांची नोंद एका वहीत ठेवत आहे. पहिली तीन वर्षे लिंबाच्या झाडाभोवती काळ्या-पिवळसर ठिपक्यांची, लिंबावरच वाढणारी फुलपाखरे जवळजवळ रोज दिसत. गेल्या वर्षी तर त्यांच्या अळ्यांनी झाडाची कोवळी पालवी पार फस्त केली. यंदा मात्र संपूर्ण हंगामात मला तीनच फुलपाखरे दिसली. उलट रुईवर येणारा बिबळ्या कडवा पूर्वी क्वचित दिसे, तो आता नेहमीचा झाला आहे. सर्वांत जास्त खटकते ते असे, की अंगणातल्या दिव्याभोवती जमणारे पतंग दोन वर्षांपासून अगदी थोडे उरले आहेत. जगभर कीटक घटत असल्याचे वाचनात येते, त्यामुळे मन धास्तावते. मी कधीही कीटकनाशक फवारलेले नाही. हा त्याच घटीचा भाग समजावा, की असे चढउतार होतच असतात?

पाऊलवाट:
पाच वर्षांची वही ही मोठी गोष्ट आहे. ती जपून ठेवा. परंतु तिच्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी दरवर्षी आपण सारखाच वेळ, सारख्याच प्रहरी आणि सारख्याच हवेत निरीक्षण केले होते का, हे तपासावे लागेल. फुलपाखरांना उडण्यासाठी अंग तापावे लागते, म्हणून ढगाळ सकाळी त्याच परसात शुकशुकाट असतो आणि ऊन पडताच अर्ध्या तासात चित्र पालटते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालू असलेल्या गणनेत ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेगाने चालतात आणि साधारण ५ मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजतात. एप्रिल ते सप्टेंबर असे २६ आठवडे हे चालते. त्या पट्ट्याबाहेर कितीही सुंदर फुलपाखरू दिसले, तरी ते मोजणीत धरत नाहीत. ही शिस्त कोरडी वाटेल, पण तिच्यामुळेच दोन वर्षांची तुलना करता येते.

आणखी एक विनंती आहे. काहीच दिसले नाही, त्या दिवशी तारीख घालून ‘शून्य’ असे लिहा. बहुतेकांच्या वह्यांत दिसले तेच दिवस असतात आणि रिकामे दिवस हरवतात. मग न दिसणे आणि न पाहणे यांतला फरक पुढे कळत नाही.

कोषातली खिडकी:
लिंबावरच्या फुलपाखरांबद्दल एक शक्यता सुचवतो. गेल्या वर्षी अळ्या उदंड होत्या आणि यंदा फुलपाखरे जवळजवळ नाहीत, या क्रमाकडेच आधी लक्ष द्यायला हवे. अळ्या वाढल्या की त्यांच्यावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही थोड्या उशिराने वाढतात आणि पुढच्या पिढ्या दाबून टाकतात. माझ्या कुंडीतल्या लिंबावर मी हे स्वतः पाहिले आहे. रेशमाच्या धाग्याचा कमरपट्टा बांधून फांदीला टेकलेला एक हिरवा कोष मी रोज पाहत होतो. काही दिवसांनी तो मळकट तपकिरी पडला. तो वाळला असे समजून मी तोडणार होतो, तेवढ्यात त्याच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक पडलेले दिसले. त्यातून मुंगीहूनही लहान, हिरवट चमकीच्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. चाळीसपर्यंत मोजल्यावर मी थांबलो. एका फुलपाखराच्या जागी एवढ्या माश्या! त्या क्षणी मला वाईट वाटले हे खरे, पण त्या माश्याही परसातल्या कीटकांतच मोजायला हव्यात.

तेव्हा उडणारी फुलपाखरेच पाहू नका, पानांच्या मागेही पाहा. ताजे अंडे फिकट पिवळे असते. काळे पडलेले अंडे बहुधा परोपजीवीच्या तावडीत सापडलेले असते. पहिल्या अवस्थांतली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून ती सहज नजरेतून सुटते.

सोनचाफा:
दोघांचेही मनापासून आभार. वही पुन्हा वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली, ती मी आधीच सांगायला हवी होती. पहिली तीन वर्षे मी दुपारी बाराच्या सुमारास परसात असे. कामाची वेळ बदलल्यामुळे दोन वर्षांपासून संध्याकाळी पाचनंतरच जाते. शिवाय शेजारचे झाड वाढल्याने लिंबावर आता दुपारनंतर सावली असते. काल पाने उलटून पाहिली, तेव्हा चार अंडी सापडली. त्यांतली दोन काळी आहेत. पतंगांचे कोडे मात्र सुटलेले नाही.

पाऊलवाट:
अंगणातला दिवा मधल्या काळात बदलला होता का? बहुतेक पतंग अतिनील आणि निळसर प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. साध्या एलईडी दिव्यातून अतिनील किरण जवळजवळ बाहेर पडत नाहीत. दिवा बदलला असेल, तर पतंग होते तेवढेच असूनही तुमच्या दारी कमी जमतील. पौर्णिमेच्या आसपासही दिव्यावर कमीच येतात. तोच दिवा, पतंग बसावेत म्हणून दिव्याजवळ टांगलेली तीच पांढरी चादर आणि अमावस्येजवळची रात्र असे ठरवून मोजलेत, तर आकड्यांना अर्थ येईल.

तुमची धास्ती मात्र अनाठायी नाही. जर्मनीतल्या ६३ संरक्षित ठिकाणी सापळ्यांत सापडलेल्या उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत सुमारे ७६ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परंतु तो निष्कर्ष २७ वर्षांच्या मोजणीतून आला आहे. दोन-तीन वर्षांचे आकडे किती फसवू शकतात, हे मेक्सिकोत हिवाळा काढणाऱ्या मोनार्क फुलपाखरांवरून कळते. त्यांची संख्या त्यांनी व्यापलेल्या जंगलाच्या क्षेत्रावरून अजमावतात. ते क्षेत्र २०१७-१८ मध्ये २.४८ हेक्टर होते, पुढच्या हिवाळ्यात ते ६.०५ हेक्टर झाले आणि त्यापुढच्या हिवाळ्यात पुन्हा २.८३ हेक्टरवर आले. मधले एकच वर्ष पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटले असते. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकाच्या तुलनेत ही संख्या कितीतरी खाली आली आहे.

सोनचाफा:
दिवा दोन वर्षांपूर्वीच बदलला होता. जुना माळ्यावर आहे, तो येत्या अमावस्येला चादरीमागे लावून पाहते. लिंबाकडे आता सुट्टीच्या दिवशी तरी बाराला जाईन. आज गेले होते. पंधरा मिनिटे थांबले, हवा स्वच्छ होती, फुलपाखरे शून्य. वहीत शून्यच लिहिले आहे.