अमेरिकेच्या निवडणुकीत दारोदार फिरलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

पायवाट

काल तळघर आवरत होते. लेकीच्या जुन्या वह्यांच्या खोक्यात एक क्लिपबोर्ड सापडला. चिमट्यात अजून एक कागद अडकलेला, ॲलनटाउनमधल्या चार-पाच गल्ल्यांचा नकाशा. ऑक्टोबर २००८. झाडू बाजूला ठेवून तिथेच पायरीवर बसले.

तेव्हा माझं नुसतं ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं. न्यू जर्सीचा निकाल जवळपास ठरलेला, म्हणून ओबामांचे प्रचारवाले आमच्याकडच्या लोकांना दर शनिवारी गाड्या भरभरून शेजारच्या, चुरशीच्या पेनसिल्व्हेनियात पाठवायचे. शेजारची निवृत्त शिक्षिका म्हणाली, "घरी बसून टीव्हीशी काय बोलतेस, चल." गेले.

एका बाईंच्या गॅरेजमध्ये आमचा अड्डा. हातात पॅकेट मिळायचं: नकाशा, घरांची यादी, प्रत्येकाचं नाव, वय, कुठल्या पक्षात नोंदणी. बोलून झालं की नावापुढे १ ते ५ मधला आकडा टाकायचा. १ म्हणजे पक्का ओबामांचा, ५ म्हणजे पक्का समोरच्या रिपब्लिकन मॅकेन यांचा, ३ म्हणजे अजून ठरलेलं नाही. ५ वाल्याशी वाद घालायचा नाही, आभार मानून पुढे जायचं. पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही, कायद्यानं बंदी आहे, दाराच्या मुठीला अडकवायचं. एका दारापाशी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, असंही सांगितलेलं.

तिसऱ्या गल्लीत एक आजोबा व्हरांड्यात बसलेले. पोलाद कारखान्यात तीस वर्षं काढलेली. कारखाना बुडाला, आणि पाठोपाठ निवृत्त लोकांचा आरोग्यविमाही गेला. मी कागदावरचं वाचायला लागले तर म्हणाले, "ते राहू दे. तू कुठली?" मी म्हटलं, भारतातल्या एका गिरणगावची, सोलापूरची. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कितीतरी दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून चहा करून बसायचे. हे मी इथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "मी पण. साडेपाच वाजता." तीन मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. निघताना त्यांच्या नावापुढे ३ लिहिलं.

तुम्ही कुणी असं फिरला असाल, फोन केले असतील, पोस्टकार्डं लिहिली असतील तर लिहा ना. कुठल्याही वर्षाचं, कुठल्याही पक्षाचं चालेल.

टपालवाला

वाचून गलबललं. आमच्या घरात भोंगा मुंबईचा, १९८२ च्या संपाआधीचा. सविस्तर नंतर लिहितो, लोकलमध्ये आहे.

आयोवाकर

३ जानेवारी २००८. शाळेची व्यायामशाळा, बाहेर बर्फाचे ढीग. कॉकस म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला भरणारी स्थानिक सभा. तेव्हा डेमोक्रॅट लोकांच्या कॉकसमध्ये चिठ्ठी नव्हती, गुप्तता नव्हती. जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि मग डोकी मोजायची. गट १५ टक्क्यांच्या खाली गेला की त्या लोकांना दुसरीकडे जायची मुभा, आणि सगळे त्यांना आपल्याकडे ओढायला धावायचे. मी हिलरींच्या कोपऱ्यात, माझा मुलगा समोर ओबामांच्या. वय १७! नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर कॉकसला येता येतं.

बायडन यांचा गट आमच्याकडे कमी पडला. त्यात आमच्या गल्लीतले एक आजोबा, ज्यांच्या अंगणातला बर्फ मुलगा काढायचा. मी त्यांच्याकडे निघाले तोवर हा पोचला पण. आजोबा म्हणाले, "बर्फ नीट काढतोस, आता म्हणणंही नीट सांग." पाच मिनिटं बोलला. आजोबा उठले, आपली घडीची खुर्ची उचलली आणि त्याच्या कोपऱ्यात नेऊन उघडली.

हिलरी तिसऱ्या आल्या त्या रात्री. गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर त्याला म्हटलं, "तू चांगलं बोललास." तेवढंच. आज तो पस्तिशीत आहे, नगरपालिकेच्या सभांना अजून न चुकता जातो.

कोलंबसची काकू

अगं पायवाट, पॅकेट म्हटलं आणि पाय दुखायला लागले माझे!! २०१२, ओहायो. मी दारोदार कमी फिरले, गुडघ्यांमुळे. मी स्वयंपाक बघायचे. प्रचाराच्या ऑफिसात पोरं तीन-तीन महिने पिझ्झा आणि डोनट. बावीस-तेवीस वर्षांची पोरं, घरदार सोडून आलेली, कुणाच्या तरी सोफ्यावर झोपायची. एका शुक्रवारी साठ बटाटेवडे नेले. त्यानंतर दर शुक्रवारी सकाळपासून मेसेज, "आज वडे आहेत का". शेवटच्या चार दिवसांत दीडशे केले. लसणीची चटणी संपली तेव्हा एक मुलगा नुसता डबा पुसून खात होता, त्याची आई आठवून मलाच रडू आलं.

शेवंता

काकू, दीडशे!! सारण आदल्या दिवशी करायचात का? पाणी सुटत नाही?

कोलंबसची काकू

आदल्या रात्री करून गोळे वळून फ्रीजमध्ये. कोथिंबीर सकाळी. बटाटा उकडून पूर्ण गार झाल्यावरच किसायचा.

भरतीओहोटी

मी दुसऱ्या बाजूचा. उत्तर व्हर्जिनिया, २००८, मॅकेन यांच्यासाठी फोन आणि दारं. आपल्या लोकांत हे सांगितलं की गप्पा थांबायच्या, म्हणून सांगणं सोडलं होतं. पायवाटताईंनी 'कुठल्याही पक्षाचं' लिहिलं म्हणून आज लिहितो.

माझे सासरे सैन्यात होते. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैदेत काढूनही मनात विष न ठेवणारे मॅकेन मला भावले, बस. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांबद्दल भलतंच बोलायला लागल्या तेव्हा मॅकेन यांनी माइक परत घेतला आणि सांगितलं की ते सभ्य गृहस्थ आहेत, आमचे मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच सभेत, लोक नाराजीचा सूर लावत असताना. दुसऱ्या दिवशी मी दोन तास जास्त फोन केले.

व्हर्जिनियानं १९६४ नंतर डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला नव्हता. आम्ही ते राज्य गमावलं. मॅकेन यांचं पराभवाचं भाषण मी उभ्यानं ऐकलं. पडलो त्याचं वाईट वाटलं, काम केल्याचं कधीच नाही. समोरच्या घरातली बाई ओबामांची पाटी लावून बसलेली, तीच दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली.

पायवाट

भरतीओहोटी, बरं झालं लिहिलंत. मिनेसोटाची ती क्लिप मी गॅरेजमधल्या सगळ्यांना दाखवली होती.

चिंचगूळ

प्रश्न: एच-वन-बीवर असताना हे चालतं का? नवरा म्हणतो भानगडीत पडू नकोस.

नदीकाठ

@चिंचगूळ, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून चालतं. पण वर्गणी अजिबात द्यायची नाही, एक डॉलरसुद्धा नाही. ग्रीन कार्डवाल्यांना वर्गणी देता येते, व्हिसावाल्यांना नाही. कामाचे पैसेही घ्यायचे नाहीत. आणि मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी चुकून पुढे केला तर सही करू नकोस, ते फार महागात पडतं. शंका असेल तर वकिलाला विचार, पण घाबरून घरी बसू नकोस.

चिंचगूळ

धन्यवाद ताई, नवऱ्याला दाखवते 🙏

टपालवाला

आलो. मी अमेरिकेत कधीच नव्हतो, तरी लिहितो, चालवून घ्या. वडील १९७७ च्या निवडणुकीत पुण्यात फिरले. आणीबाणी नुकतीच शिथिल झालेली, जनता पक्ष जेमतेम जन्माला आलेला, हातात पैसा नाही. सभेत चादर पसरायची, लोक त्यात नाणी टाकायचे. वडील चादरीचं एक टोक धरायचे. पु. ल. प्रचारात उतरले होते, त्यांच्या सभेला लोक झाडांवर चढून बसलेले, असं ते सांगायचे. चिन्ह चक्रातला नांगरधारी शेतकरी. ते लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून वडील रात्री कंदील घेऊन भिंतीवर गेरूनं काढायचे. त्यांना चित्रकला यायची नाही. आई म्हणायची, त्यांचा नांगर छत्रीसारखा दिसायचा, तरी वस्तीतल्या बायका बरोबर ओळखायच्या.

शेवंता

चादरीचं माझ्या आजोबांकडूनही ऐकलंय! साताऱ्यात.

अटलांटावासी

२०२०. करोनामुळे दार वाजवणं जवळजवळ बंद. घरात बसून फोन. यादीत आडनाव देशी दिसलं की ते नाव माझ्याकडे यायचं. पटेल आजी, रेड्डी काका, एकदा चक्क कुलकर्णी. मराठीत "नमस्कार" म्हटल्यावर पलीकडे इतकी शांतता की वाटलं फोन कट झाला. मग बाई म्हणाल्या, "आठ महिन्यांत घराबाहेरच्या कुणाशी मराठी बोलले नाहीये हो." पुढचा पाऊण तास निवडणूक बाजूलाच राहिली. त्यांचे यजमान मे महिन्यात गेले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "टपालानं मत कसं पाठवायचं ते सांगा, आधी सगळं हेच बघायचे."

आमच्या जॉर्जियात बायडन जिंकले ते ११,७७९ मतांनी. मी त्या आकड्याकडे बघून दर वेळी त्या बाईंचा विचार करते.

मग जानेवारीत सिनेटच्या दोन जागांची फेरनिवडणूक, परत तेच सगळं. मतदानाच्या रांगेत आम्ही पाण्याच्या बाटल्या वाटायचो, कुठल्याही पक्षाचा माणूस असो. काही ठिकाणी लोक तासन् तास उभे. २०२१ मध्ये राज्यानं कायदा केला, मतदान केंद्राच्या इमारतीपासून दीडशे फुटांच्या आत पाणी द्यायचं नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या घरातली मी. मला तो कायदा अजून पटलेला नाही आणि पटणारही नाही.

कोलंबसची काकू

तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही??

नदीकाठ

पिट्सबर्ग, २०१६, हिलरींसाठी. हे मी लिहू की नको असं करत होते.

शेवटच्या रविवारी एका गल्लीत यादीतल्या अकरा घरांपैकी सात जणांनी सांगितलं, या वेळी नाही. हे लोक २००८ ला, २०१२ ला आमच्या बाजूचे, यादीत त्यांच्यापुढे १ होता. मी संध्याकाळी ऑफिसात सांगितलं. तिथल्या मुलानं ऐकून घेतलं, पण वर आकडे चांगले होते, कुणाला काळजी वाटत नव्हती. आमच्या हातात जे दिलं होतं त्यात या माणसांना सांगायला काही नव्हतंच. हे मला आजही सलतं. एक बाई म्हणाली, "तुम्ही चार वर्षांनी एकदा येता." बरोबरच होतं तिचं.

पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले नाही. पुढच्या वसंतात मी त्याच गल्लीत शाळा समितीच्या निवडणुकीसाठी फिरायला लागले. त्या बाईनं दार उघडलं आणि नुसतं "हं" म्हणाली. आता ती माझ्याबरोबर फिरते.

आयोवाकर

नदीकाठ, जवळ असतीस तर मिठी मारली असती. 'चार वर्षांनी एकदा येता' हे आमच्याकडेही ऐकलंय.

लेकुरवाळी

घाईत, बाळ उठेल. २०२४, फिलाडेल्फियाजवळ. पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका दोन लिफाफ्यांत घालावी लागते, आतला गुप्ततेचा लिफाफा राहिला तर मत बाद. आमच्या मंडळातले एक काका तो लिफाफा 'जादाचा आलाय' म्हणून कचऱ्यात टाकायला निघाले होते. मी सहा महिन्यांची गरोदर, त्यांच्या केराच्या पिशवीतून तो काढला. डाग नव्हता! पुढच्या वेळी आपापल्या आईवडिलांना हे सांगा प्लीज. आणि मतदानाच्या दिवशी बंद व्हायच्या वेळेला रांगेत असाल तर हलू नका, तुम्हाला मत देता येतं.

भरतीओहोटी

लेकुरवाळी, हे शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंनी डकवायला हवं.

तळ्याकाठी

शिकागोत शिकत होतो. ४ नोव्हेंबर २००८, ग्रँट पार्क, ओबामांची निकालाच्या रात्रीची सभा. इंडियानात गॅरी शहरात दिवसभर दारं वाजवून ट्रेननं थेट तिथे. नोव्हेंबर असून हवा छान, जॅकेट कमरेला बांधलेलं. रात्री दहाला पडद्यावर निकाल आला, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. आईचा नाशिकहून फोन, मला तिचं काही ऐकू येईना, मी फोन नुसता वर धरला. माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी होत्या, त्यांनी माझा हात धरला तो भाषण संपेपर्यंत सोडला नाही. भाषणात अटलांटाच्या १०६ वर्षांच्या ॲन निक्सन कूपर यांचं नाव आलं तेव्हा आजींनी हात घट्ट दाबला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. इंडियाना आम्ही जिंकलो हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शेवंता

फोन वर धरला 😭 आईला काय ऐकू आलं?

तळ्याकाठी

ती म्हणते, समुद्रासारखं.

टपालवाला

पायवाटताई, त्या पोलादवाल्या आजोबांचं पुढे काय झालं? मघापासून तेच डोक्यात आहे. ३ चा १ झाला का?

पायवाट

मतदानाच्या दिवशी मुद्दाम तीच गल्ली मागून घेतली. आठवण करून द्यायची होती, किती वाजता जाणार, कसे जाणार विचारायचं होतं. सकाळी नऊला पोचले तर आजोबा व्हरांड्यातच, कोटावर 'मी मत दिलं' असा स्टिकर. म्हणाले, "सातला दार उघडलं तेव्हा रांगेत चौथा होतो. उठतोच की लवकर." कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. यादीत 'मतदान झालं' अशी खूण केली. मग आत जाऊन त्यांनी थर्मास आणला, आणि आम्ही तिथे पायरीवर बसून कॉफी प्यायलो. अजून चाळीस दारं बाकी होती.

कोलंबसची काकू

पायवाट, तो क्लिपबोर्ड टाकू नकोस हं.

पायवाट

नाही टाकणार काकू. लेकीनं मागितलाय. आणि तुमच्या लसणीच्या चटणीचं प्रमाण द्या, कधीची वाट बघतेय.

कोलंबसची काकू

एक वाटी सुकं खोबरं, दहा-बारा पाकळ्या लसूण, तिखट दोन चमचे, मीठ. खोबरं भाजून घे मंद आचेवर. बाकी फोनवर सांगते, कुकर झाला.