टिशियनचे रोमन सम्राट: सत्तेचं ओझं की नुसता थाट?

रानवारा: इटलीतल्या मांतुआचा ड्यूक फेदेरिको गोंझागा याच्या राजवाड्यातल्या एका खोलीसाठी चित्रकार टिशियनने १५३६ ते १५४० या काळात अकरा रोमन सम्राट रंगवले. मूळ चित्रं १७३४ साली माद्रिदचा राजवाडा जळाला तेव्हा गेली. आपण बघतो त्या कांपी या चित्रकाराने वगैरे केलेल्या नकला आणि त्यांवरून सादेलर या कोरीवकाराने केलेली छापचित्रं. माझ्या मते विषय सत्तेच्या ओझ्याचाच आहे, सम्राटांच्या चेहऱ्यावरची चिंताच ते सांगते. यादी रोमन लेखक स्वेटोनियसने लिहिलेल्या बारा सम्राटांच्या चरित्रांवरून घेतलेली. त्यातल्या सीझर, कॅलिग्युला, गॅल्बा, विटेलियसचे खून झाले. नीरो आणि ओथोने स्वतःच जीव दिला. अशी मंडळी रोज समोर असली की राज्यकर्ता विचार करणारच.

चष्मेबद्दूर: कसला विचार! गोंझागा घराणं जुनं, पण ड्यूकपद सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये दिलेलं, म्हणजे अगदी ताजं. मग थेट रोमच भिंतीवर टांगलं. पुढे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने हीच चित्रं विकत घेतली. तो काय शिकला? १६४९ मध्ये त्याचं मुंडकं उडालं आणि चित्रं विकली जाऊन स्पेनला गेली.

ओवी: नुसता थाट म्हणून सोडून देता येत नाही. त्याच खोलीसाठी चित्रकार ज्युलिओ रोमानोने सम्राटांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले होते. रोम जळतंय आणि नीरो वाद्य वाजवतोय, हे कोण मिरवण्यासाठी लावेल? मात्र 'चेहऱ्यावरची चिंता' वगैरे जपून वाचा. विटेलियसचा चेहरा व्हेनिसमधल्या ग्रिमानी संग्रहातल्या संगमरवरी डोक्यावरून घेतलाय, आणि तो विटेलियस नाहीच असं आज अभ्यासक मानतात. (माणूस कोण होता, देव जाणे. जबडा मात्र झकास.)

चष्मेबद्दूर: आणखी गंमत ऐका. स्वेटोनियसच्या यादीतला बारावा डोमिशियन. तो म्हणायचा, राजांचं नशीबच खोटं. कट शिजतोय हे त्यांचा खून झाल्याशिवाय कुणाला पटत नाही. शेवटी त्याचाही खूनच झाला. ओझ्याबद्दल इतकं नेमकं बोलणारा हा माणूस टिशियनने रंगवलाच नाही! नकला करताना कांपीने तो मागाहून जोडला.

रानवारा: पण ओथो आहे ना. इ.स. ६९ मध्ये क्रेमोनाजवळ बेद्रियाकमला त्याचं सैन्य हरलं. लढायला अजून फौज होती, तरी यादवी वाढू नये म्हणून त्याने स्वतःला संपवलं. ती जागा मांतुआहून फार लांब नाही. दरबारात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती म्हणता?

चष्मेबद्दूर: ठाऊक असेल की. त्यापायी फेदेरिकोने कारभारात एक तरी गोष्ट वेगळी केली असेल तर दाखवा, धागा तुमचा.