गेम वन बंद पडलं, पण परवान्याचं काय?
एमटीव्हीने २०१४ मध्ये 'गेम वन' हा व्हिडिओ गेम्सवरचा जर्मन कार्यक्रम गुंडाळला आणि जर्मन टीव्हीवरचं गेमिंग संपलं, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. तो कार्यक्रम करणारीच मंडळी जानेवारी २०१५ मध्ये हॅम्बुर्गहून 'रॉकेट बीन्स टीव्ही' ही वाहिनी घेऊन ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर उतरली, तेही चोवीस तास.

खरी गंमत प्रक्षेपणाच्या परवान्याची. नियमित चालणारं थेट प्रक्षेपण एकाच वेळी ५०० पेक्षा जास्त जणांना बघता येत असेल, तर तेव्हाच्या जर्मन कायद्याच्या लेखी ते टीव्हीच होतं! २०१७ मध्ये जर्मन माध्यम नियामकांनी 'पीटस्मीट टीव्ही' या ट्विच वाहिनीला तसंच बजावलं: परवाना काढा, नाहीतर बंद करा. गेम खेळून दाखवणाऱ्या पोरांना आणि बड्या वाहिन्यांना एकच माप. नोव्हेंबर २०२० च्या जर्मन राज्यांमधल्या नव्या माध्यम करारात मात्र एकाच वेळी सरासरी २०,००० पेक्षा कमी प्रेक्षक असलेल्यांना परवान्यातून सूट मिळाली.