योजनेच्या यादीतील रुग्णालय रुग्णाला परत का पाठवते?

सिडकोकर :
वडिलांचे वय 67, शिधापत्रिका केशरी. ॲन्जिओग्राफीत दोन ठिकाणी अडथळे निघाल्याने डॉक्टरांनी ॲन्जिओप्लास्टी सुचवली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या फलकाखालीच बसलेल्या कर्मचाऱ्याने (रुग्णालयाचे नाव लिहीत नाही) योजनेची खाट शिल्लक नसल्याचे सांगितले. रोख भरतो म्हणताच मात्र त्याच खिडकीवर उद्याची तारीख मिळाली. यामागे योजनेच्या दरांचा हिशेब असतो का?

दावेवाला :
असतोच. खासगी रुग्णालयात मी नऊ वर्षे दाव्यांचे, म्हणजे योजनेकडून उपचाराचे पैसे मागण्याचे, काम केले आहे. योजनेचा दर एकरकमी पॅकेजचा असतो आणि खाट, शस्त्रक्रिया, औषधे, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), जेवण, इतकेच काय, परतीचे प्रवासभाडेही त्यातच धरलेले असते. रुग्ण दोन दिवस जास्त राहिला तर तो खर्च रुग्णालयाच्या माथी येतो. त्याहून जाच पैसे उशिरा येण्याचा. डिस्चार्ज कार्डावरील तारखेत खाडाखोड दिसली तरी क्वेरी (दाव्यावर शंका) लागते, ती सुटेपर्यंत दावा अडकतो आणि स्टेंटचा पुरवठादार काही तोवर थांबत नाही. वीस खाटांच्या रुग्णालयाला हे झेपत नाही, हे खरे. पण खाट रिकामी असताना ती नाही म्हणून सांगणे मला कधीच पटले नाही.

गंगापूर रोड :
मी स्वतः डॉक्टर आहे. अमेरिकेतही मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) दर सरकारच ठरवते, आणि ते परवडत नाहीत असे वाटणारे काही डॉक्टर जुने रुग्ण ठेवून नवे घेणे थांबवतात. फरक असा, की तिथे डॉक्टर ते उघड सांगू शकतो. आपल्याकडे करार केलेले रुग्णालय खाटेचे निमित्त पुढे करते.

शालिमार :
रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून नकाराचे कारण लेखी मागा आणि योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दरम्यान आपल्या नाशिकमधील शालिमारच्या सरकारी संदर्भ सेवा रुग्णालयात जरूर दाखवा, तिथे हृदयरोग विभाग आहे.

सिडकोकर :
आभारी आहे. तक्रार नोंदवली. लेखी कारण अद्याप मिळालेले नाही. शालिमारच्या रुग्णालयाने ॲन्जिओग्राफीची सीडी मागितली आहे, ती आणायला आज पुन्हा त्याच खिडकीवर जावे लागेल.