मदत हवी आहे: आईच्या मानेवरच्या चामखिळी आणि रबरी कडीच्या उपकरणाची चाचणी

आई ५८ वर्षांची आहे, आम्ही लालबागला राहतो. तिच्या मानेवर आणि काखेत मिळून वीसेक चामखिळी आहेत, मऊ, देठाने लोंबणाऱ्या. दुखत नाहीत, पण मंगळसूत्र अडकतं आणि पंच्याने मान पुसताना एखादी सोलवटून रक्त येतं. अकरा वर्षांचा मधुमेह आहे, शेवटचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ टक्के.

गेल्या आठवड्यात एका रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीत दाखवलं. डॉक्टरबाईंनी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, एकेक पाहिली. वजन आणि साखर वाढलेल्यांना या जास्त येतात, असंही सांगितलं. मग विचारलं, नव्या उपकरणाची चाचणी सुरू आहे, भाग घ्याल का? पेनासारखी नळी असते. चामखीळ तिच्या तोंडात घेऊन देठाशी बारीक रबरी कडी सोडतात. रक्तपुरवठा तुटतो, चामखीळ काळी पडते, सुकते, काही दिवसांनी गळते. सुई नाही, टाका नाही. मानेच्या उजव्या बाजूला कडी, डाव्या बाजूला नेहमीची कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळून काढणं), आणि दोन्हींचे फोटो काढून तुलना करणार.

आई लगेच तयार! "अगं, आजी घोड्याच्या केसाने बांधायची, तेच हे." आजीने बांधलेली एक चामखीळ पिकली होती, हे मात्र मामीकडून कळलं. तत्त्व तेच आहे हे मलाही पटतं. पण मधुमेहात जखम चिघळायला वेळ लागत नाही, आणि मुंबईच्या घामात मान दिवसभर ओली असते. कडी आठवडाभर राहिली तर तिच्याखाली जंतुसंसर्ग होईल का? शिवाय कानामागे एक चपटा, काळसर डाग आहे. आई म्हणते तोही बांधून टाका. मला ते बरोबर वाटत नाही.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? सही करण्याआधी काय विचारू? सोमवारी जायचंय.

प्रतिसाद १
मी काही वर्षं चाचण्यांच्या कामात होते. आधी सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नोंदवही आहे, संकेतस्थळावर कुणीही पाहू शकतं. नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मराठीतलं माहितीपत्रक मागा, पत्रक घरी आणून सावकाश वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. मधूनच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हेही वाचून घ्या. एचबीएवनसी किती असेल तर घेत नाहीत, हे स्पष्ट विचारा. कधीकधी जास्त साखरेच्या रुग्णांना वगळलेलं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.
कानामागच्या डागाबद्दल तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. देठ नसलेला काळसर डाग कधीच बांधू नये. तो डॉक्टरांना वेगळा दाखवा, गरज पडली तर ते तुकडा काढून तपासायला पाठवतील. कडीने सुकून गेलेल्यातून नीट तपासणी होत नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. आई रोज ॲस्पिरिन घेते, तीही रक्त पातळ करणारीच, हे मी ओपीडीत सांगितलंच नव्हतं! आणि शेजारच्या काकूंनी काल तिला चुना-सोडा लावायला सांगितलाय, तो डबा मी लपवून ठेवलाय. पत्रक मागितलं, उद्या मिळेल. कडी लावलेली मान धुवायची कशी, हे कुणाला अनुभवाने सांगता येईल का?